एका पाटाचं पाणी

मुजावर सर आता कोल्हापुरात राहत नाहीत, पण फळ्यावर 'डिराइव्ह' लिहिताना माझा खडू अजून अडखळतो. मी नववी-दहावीला गणित आणि विज्ञान शिकवते. सेमी इंग्लिशचे वर्ग. त्यामुळं 'डिराइव्ह द इक्वेशन' हे वाक्य माझ्या हातून सारखंच फळ्यावर उतरतं. इतकी वर्षं मी ते डोळे झाकून लिहीत होते. या माणसानं एका दुपारी ते माझ्याकडून काढून घेतलं आणि ओलं करून परत दिलं.

त्या दुपारचं मला बाकी काही आठवत नाही, तिचा उजेड आठवतो. जेवणाच्या सुट्टीनंतरची वेळ. पोरं पेंगुळलेली, मैदानावर पिवळं ऊन, कुठंतरी लांब नळ गळतोय. माझा तास संपला होता आणि पुढचा सरांचा, इंग्रजीचा होता. मी फळा पुसायला घेतला, तर सर दारातच थांबून बघत राहिलेले.

"पुसू नका बाई, थांबा जरा," ते म्हणाले. "हे पाणी कुठनं आलं, सांगा बघू."

मला वाटलं छत गळतंय. मी आपलं वर बघितलं. ऐन उन्हाळ्यात कसलं गळतंय. सर हसले. त्यांचं हसणं बिनआवाजी असायचं, डोळे मिटून, मान जरा खाली घालून.

"डिराइव्ह म्हणतोय मी. लॅटिनमध्ये रीव्हुस म्हणजे ओढा, पाट. पाटातनं पाणी फोडून आपल्या रानात न्यायचं, त्याला तिकडचे लोक हा शब्द वापरायचे. तुम्ही सूत्रातनं सूत्र काढता ना, ते खरं तर दारं धरताय बाई. उसाला पाणी पाजताय."

"सर, माझा पोर्शन राहिलाय," मी म्हटलं आणि फळा पुसून टाकला.

मी अशीच आहे. मला शब्दांचं फार कौतुक नाही. शब्द कामाला येतो की नाही तेवढं बघावं. पण त्या रात्री भात लावताना तांदळातलं पाणी ओतत होते आणि हात थांबला. म्हटलं, कुठनं कुठं गेला असेल हा शब्द. कुठल्या परदेशातला शेतकरी, हातात खोरं, आणि तो इथं आमच्या शाळेच्या फळ्यावर. मला त्या माणसाचा राग आला. सुखानं भात लावू देत नाही म्हणजे काय.

"हे पाणी कुठनं आलं" हा सरांचा ठेवणीतला प्रश्न. ते तो कुणालाही विचारत. सकाळी सही करताना मुख्याध्यापकांना म्हणाले, "सर, मस्टर म्हणजे दाखवणं. म्हणून तर आपण तोंड दाखवून सही करतो. आणि मॉन्स्टर त्याच घरातला." मुख्याध्यापकांना यातलं फक्त मॉन्स्टर ऐकू आलं. दोन दिवस ते सरांशी तुटक वागत होते आणि सरांना त्याचा पत्ताही नव्हता. डबा खाताना कुणी शेजारी येऊन बसलं की म्हणत, "या, कंपॅनियन. पानिस म्हणजे भाकरी. जो बरोबर बसून भाकरी खातो तो कंपॅनियन. बाकी सगळे नुसते ओळखीचे."

अंगानं किडकिडीत, उंच. शर्ट नेहमी चुरगळलेला. खडू रुमालात गुंडाळून खिशात ठेवायचे, त्यामुळं रुमालानं तोंड पुसलं की गालावर पांढरा पट्टा उठायचा. पाणी मात्र एखाद्या विधीसारखं प्यायचे. खाली बसून, डोळे मिटून, पहिला घोट तोंडात तसाच धरून. मग सांगायचे, "आज कळंब्याच्या तळ्याचं आलंय." किंवा, "आज नदीचं." आम्ही सगळे एकाच टाकीतलं प्यायचो, आम्हाला कधी काही फरक कळला नाही. बरोबर असायचं की चूक, देव जाणे. पण ते म्हणायचे तेव्हा खरं वाटायचं.

त्यांचा तास बहुतेक शेवटचा असायचा. मी व्हरांड्यातून जाताना आत डोकावायचे. सर एक तळहात फळ्यावर ठेवून, अर्धे डोळे मिटून, हळू आवाजात बोलत असायचे. पोरं बाकावर डोकी टेकून पडलेली. मला आधी वाटायचं, झोपलीत सगळी, हा काय वर्ग म्हणायचा. पण परीक्षेत हीच पोरं असे शब्द लिहून जायची की तपासणारा चक्रावेल. मी त्यांतल्या एकीला विचारलं तर म्हणाली, "बाई, सरांचा तास लक्षातच ऱ्हातोय. स्वप्न ऱ्हातंय तसा."

एकदा मलाही शहाणपणा सुचला. स्टाफरूममध्ये चहा चालला होता. मी म्हटलं, "सर, मग रिव्हर आणि राइव्हल एकाच पाण्यातले असणार."

सरांनी दुखावल्यासारखी मान हलवली. "तिथंच सगळे चुकतात बाई. रिव्हर काठाची आहे. रीपा म्हणजे काठ. अराइव्ह त्यातलंच, काठाला लागणं, पोचणं. आणि राइव्हल..."

तिथं ते थांबले. बशीत चहा ओतला, फुंकर मारली.

"राइव्हल पाण्यातला," एवढंच म्हणाले, आणि त्यांनी बशी तोंडाला लावली.

मला नवल वाटलं. हा माणूस 'टेबल' म्हटलं तरी पाऊण तास सोडत नाही, आणि या शब्दाशी येऊन गप्प. मी तेव्हा काही विचारलं नाही. गणिताच्या माणसाला शिल्लक राहिलेलं टोचत राहतं, तसं ते टोचत राहिलं.

त्याचं उत्तर एका पैलवानामुळं मिळालं. नववीला मंगळवार पेठेतला एक पोरगा होता. तालमीत राहायचा, कान मोडलेले, बाकात मावत नसे. सरांनी चाचणीचे शब्द आधीच दिले होते, त्यात 'राइव्हल'चं वाक्य करायचं होतं. या गड्याला अर्थ माहीत नव्हता. त्यानं आदल्या दिवशी तालमीत वस्तादांना विचारलेलं. वस्तादांनी सांगितलं, "राइव्हल म्हंजे रं, जोड." आमच्याकडं कुस्तीत समोरच्या पैलवानाला जोड म्हणतात. अमक्याला जोड मिळत नाही, तमक्याची जोड लागली, असं. आणि तालमीत रोज ज्याच्याशी लढत करायची तोही जोडच. तर यानं वाक्य लिहिलं ते असं, आणि मी ते स्वतः वाचलंय: 'माय राइव्हल स्लीप्स निअर मी. वुई ड्रिंक मिल्क टुगेदर. व्हेन ही गोज टू व्हिलेज आय डू नॉट लाइक.'

सरांनी पूर्ण गुण दिले. मी पेपर लावत होते, मी म्हटलं, "सर, हे चूक आहे. राइव्हल म्हणजे प्रतिस्पर्धी. हा तर त्याच्याशेजारी झोपतोय."

"बरोबर आहे," सर म्हणाले.

"काय बरोबर आहे? गावाला गेला तर करमत नाही म्हणतोय."

"तेच बरोबर आहे."

आणि मग ते खिडकीकडं गेले. बाहेर पोरं घरी चालली होती. खिडकीतून बाहेर बघत, माझ्याकडं पाठ करूनच त्यांनी मला तो शब्द फोडून दाखवला. रीव्हुस म्हणजे पाट. रिव्हालिस म्हणजे एका पाटावरून पाणी घेणारे दोघं. रोमन लोकांच्या कायद्यात तसा शब्दच होता. एकाचं रान वर, एकाचं खाली. पाणी एकच. म्हणून भांडण. पण भांडायला आधी पाट एक पाहिजे.

"ज्याचा आपला काही संबंध नाही, तो आपला राइव्हल होऊच शकत नाही बाई," सर म्हणाले. "माझा एक आहे. थोरला भाऊ."

सरांचं गाव गारगोटीच्या शिवेला लागून, वेदगंगेच्या अलीकडं. वडिलांनी ओढ्याला बांध घालून पाट काढला होता आणि मरताना रान दोघांत वाटून दिलं. वरचं थोरल्याला, खालचं सरांना. सर नोकरीला कोल्हापुरात, त्यामुळं खालचं रान वाट्यानं दिलेलं. एका उन्हाळ्यात ओढ्याचं पाणी कमी पडलं आणि थोरल्यांनी सरांच्या पाळीला पाट सोडलाच नाही. सरांचा ऊस जागेवर वाळला. सर गावी जाऊन ते बघून आले आणि रागाच्या भरात तालुक्याच्या कोर्टात पाण्याच्या हक्काची केस घातली. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. ईदला नाही, लग्नकार्यात नाही, आई गेली तेव्हासुद्धा माती देताना शेजारी उभे राहिले आणि बोलले नाहीत.

मला वाईट वाटलं, खरंच वाटलं. पण माझा स्वभाव. म्हटलं, "एवढं कळतंय तर जा की आणि बोला."

"बोललो असतो," ते म्हणाले. "पण थोरले ते आहेत. आधी त्यांनी बोलायला नको?"

माझं माहेर गारगोटी. त्यामुळं या केसची दुसरी बाजू मला कळायची ती अशी कळली. एकदा सुट्टी टाकून मी आईकडं निघाले होते. स्टँडवर मुजावर सर उभे. पण काय सर. पांढऱ्या शर्टाला कडक इस्त्री, केसांना तेल, अत्तराचा वास चार पावलांवरून. हातात डबा.

"काय सर, सासुरवाडीला निघालात की काय?"

"तारीख आहे," ते म्हणाले. आणि माझा विश्वास बसेना, लाजले.

त्यांच्या बायकोला, भाभींना, मी पुढं एकदा हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "आवं बाई, लग्नात बी असं नटलं न्हवतं. तारीख आली की आदल्या दिवशीपास्नं शर्ट कुठाय, शर्ट कुठाय. मी इचारलं, जज्जसायेबाला दाखवायला जाताय का भावाला. तर म्हणत्यात, गप ऱ्हा."

त्या दिवशी आम्ही एकाच बसनं गेलो. गळिताचा हंगाम होता. उसाच्या ट्रॉल्या पुढं, आमची बस मागं, रस्ताभर पाचट पडलेलं. थंडी होती आणि शेतांवर धुकं खाली बसलं होतं. मुदाळ तिट्ट्याच्या पुढं सर मला एक गोष्ट सांगू लागले, मला म्हणजे खिडकीला.

लहानपणी पहाटेची पाळी असली की वडील दोघांना रानात घेऊन जायचे. थोरला वर, पाटाच्या तोंडाशी. हा खाली, आपल्या सरीत. मध्ये ऊस डोक्याच्या वर. दोघं एकमेकांना दिसायचे नाहीत. थोरला माती ओढून पाट मोकळा करायचा आणि ओरडायचा, "छोड्या रेऽऽ." मग पाण्याला खाली यायला वेळ लागायचा. हा कोरड्या सरीत अनवाणी उभा. आधी पाण्याचं टोक यायचं, त्यावर फेस, पाचट, बुडता बुडता तरंगणाऱ्या मुंग्या. मग घोट्याला एकदम गार लागायचं. मग यानं ओरडायचं, "आयाऽऽ." यानं ओरडायला उशीर केला की थोरला वरून पुन्हा विचारायचा, "आया क्या रे, शौक्याऽऽ?"

"आमची घरातली बोली," सर म्हणाले. "तुम्हाला हसू येईल. अर्धी मराठी, अर्धी दुसरीच. तिचं पाणी कुठनं आलं ते मी कधी शोधलं नाही."

मला हसू आलं नाही. सरांचं नाव शौकत आहे हे मला माहीत होतं, पण कुणी त्यांना शौक्या म्हणत असेल हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

"त्यानं सोडलं म्हटल्यावर मी आलं म्हणेपर्यंत जे मधलं थांबणं असायचं ना बाई," सर म्हणाले, "ते मला फार आवडायचं. पाणी दिसत नाही, भाऊ दिसत नाही. पण येतंय हे माहीत असतं."

धुकं निवळलं, ऊन आलं, मला डुलकी लागली.

गारगोटीत उतरल्यावर मी मुद्दाम कोर्टाच्या बाजूनं गेले. बघायचंच होतं मला. आवारात चिंचेचं झाड आहे आणि खाली सिमेंटचा लांब बाक. बाकाच्या त्या टोकाला एक म्हातारा बसलेला, डोक्याला लाल पटका, हातात काठी, नाक अगदी सरांचं. सर या टोकाला जाऊन बसले. कुणी कुणाकडं बघितलं नाही. दोघांनी आपापला डबा आपापल्या बाजूला ठेवला.

दुपारी मी तिथून परत गेले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं आणि झाडाची सावली आखडून बाकाच्या मधोमध उरली होती. थोरले या बाजूला सरकलेले, सर त्या बाजूला. मध्ये एक वीतभर जागा. तरी गप्पच. दोघांच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं, की मी रस्त्यावर उभी राहून एकटीच हसले.

केस लांबली ती या दोघांनीच लांबवली, हे माझं मत. एकदा यांचे वकील पुढची तारीख मागायचे, एकदा त्यांचे. यांच्या वकिलांनी एकदा तडजोडीचा कागद तयार करून आणला, पाण्याच्या पाळ्या नीट वाटून दिलेला. सरांनी तो परत पाठवला. मी चिडले. म्हटलं, "काय पाहिजे तरी काय तुम्हाला? हक्क मिळतोय, भांडण मिटतंय."

"तडजोड झाली की जोड सुटली, बाई," सर म्हणाले. "मग मी कुठल्या तारखेला जाऊ?"

तेव्हा माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. या माणसाला पाणी नकोच होतं. पाणी गेलं तर गेलं. त्याला वर्षातून तीन-चारदा बाकाच्या दुसऱ्या टोकाला भाऊ बसलेला पाहिजे होता. तेवढ्यासाठी तो वादी झाला होता, आणि थोरला तेवढ्यासाठीच प्रतिवादी राहिला होता. मला हसावं की यांना दोघांना धरून समोरासमोर बसवावं, कळेना.

आणि मग गावात पाइपलाइन आली. लोकांनी मिळून नदीवरून पाणी उचललं, प्रत्येकाच्या रानात वेगळी चावी. ज्याला पाहिजे त्यानं फिरवावी. थोरल्यांना चावी मिळाली, सरांच्या रानालाही मिळाली. सगळ्यांचं भलं झालं. ओढ्यावरच्या पाटाकडं कुणी बघेना, त्यात गवत माजलं, मग तो कुठून जात होता तेही कळेना. दोन्ही वकिलांनी कोर्टाला सांगितलं की आता भांडायला काही उरलेलं नाही. केस निकाली निघाली.

मी पेढे आणा म्हणणार होते. सर स्टाफरूममध्ये त्यांच्या नेहमीच्या खुर्चीत बसले होते. समोर पाण्याचा ग्लास भरलेला, तसाच.

"संपली केस," ते म्हणाले. "आता आम्ही राइव्हलसुद्धा राहिलो नाही, बाई."

मी खुर्ची ओढून शेजारी बसले.

त्यानंतरचे महिने वाईट गेले. सरांची निवृत्ती जवळ आली होती, सगळ्यांना वाटायचं त्याचंच मनाला लागलंय. ते तास घेत होते, पण कुणाला पाणी कुठनं आलं विचारत नव्हते. ग्लास उचलायचे आणि घटाघटा पिऊन टाकायचे, कळंब्याचं की नदीचं, काही नाही. मला ते बघवेना. एक दिवस मी सरळ भांडायलाच गेले.

"सर, गाव आहे, बस आहे, भाऊ आहे. उठा आणि जा."

"काय म्हणून जाऊ?" ते म्हणाले. आवाज चढला, आणि आवाज चढला की त्यांची शाळेची भाषा सुटायची. "तारीख न्हाय, काय न्हाय. तारखेला गेलं की कुणी कुणाकडं गेलं असं होत न्हवतं बाई. त्यो त्याच्या केसला येत हुता, मी माझ्या. आता गेलो तर मी गेलो असं हुतंय. आणि त्यानं दार लावून घेतलं तर?"

शेवटचं वाक्य त्यांनी हळू म्हटलं. तेव्हा मला कळलं की अहंकार वगैरे वरवरचं आहे. माणूस भ्याला होता. एकदा कोरड्या सरीत उभं राहून पाण्याची वाट बघितली होती आणि पाणी आलं नव्हतं. मी चहा सांगितला.

दिवाळीच्या सुट्टीत मी एका दिवसापुरती माहेरी निघाले. स्टँडवर गर्दीतून आधी अत्तराचा वास आला आणि मग कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट दिसला.

"सर, तारीख?"

"न्हाय."

"मग?"

त्यांनी हातातला डबा या हातातून त्या हातात घेतला. बसमध्ये मी त्यांच्या मागच्या सीटवर बसले. पुढून मान तेवढी दिसत होती, ताजी हजामत केलेली, लहान पोराची दिसते तशी. बाहेर ऊस पुन्हा उंच झाला होता. त्या दिवशी मला झोप आली नाही.

गारगोटीत उतरल्यावर सर चालू लागले ते कोर्टाकडंच. मी मागोमाग. विचारलंच नाही त्यांना, चालले आपली. आवाराबाहेर चहाचा गाडा आहे. गाडेवाल्यानं सरांना ओळखलं.

"आला व्हय पावणं?" तो म्हणाला. "ते म्हातारं दर बाजारच्या दिवशी येतंय की. तारीख न्हाय, काय न्हाय. येतंय, त्या बाकावर बसतंय, आणि सांच्याला जातंय. मी म्हटलं केस संपली न्हवं, तर म्हणतंय, तुला काय करायचंय."

सर गाड्याचा बांबू धरून उभे राहिले. मी झाडाकडं बघितलं. बाकाच्या त्या टोकाला लाल पटका होता. या टोकाला कुणी नव्हतं, जागा तशीच ठेवलेली.

मी तिथं थांबायला नको होतं. मी आईकडं गेले. जेवले, आईशी बोलले, पण कशावर बोलले ते विचारू नका. उन्हं कलल्यावर परत आले. दोघं अजून बाकावर होते. मध्ये एकच डबा उघडा होता, त्यात अर्धी भाकरी उरली होती. सरांनी मला बघितलं आणि ओळख दिली नाही. माझ्यापुरते ते तिथं नव्हतेच.

थोरल्यांनी डबा झाकला. काठीनं मातीत एक रेघ ओढली, मग ती पायानं पुसली. समोर बघतच म्हणाले, "अगली तारीख कवा रे?"

आवाज भरडा होता, नीट निघाला नाही. त्यांनी खाकरून पुन्हा विचारलं.

"तूच बोल," सर म्हणाले.

थोरल्यांनी विचार केला. बराच केला.

"आजच रख," ते म्हणाले. "चल घर."

त्यांच्या गावाची वाट आणि माझ्या परतीच्या बसचा थांबा एकाच फाट्यावर आहे, त्यामुळं तिथपर्यंत आम्ही तिघं एकाच रस्त्यानं गेलो. मी सगळ्यात मागं. फाट्यावर ते दोघं वाटेला लागले. थोरले पुढं, काठी टेकत. सर मागं, दोन्ही डबे हातात घेऊन. अंतर वीस-पंचवीस पावलांचं असेल. सरांनी मागं वळून बघितलं नाही, आणि मलाही त्याचं काही वाटलं नाही. भावाच्या मागनं चालताना त्यांना मी बघितलं ते तेवढंच. निवृत्त झाल्यावर ते भाभींना घेऊन गावीच राहायला गेले.

वाटेला दोन्ही बाजूंनी ऊस होता. आधी लाल पटका दिसेनासा झाला. मग पांढरा शर्ट. संध्याकाळची थंडी खाली उतरत होती आणि बस यायची होती. उसाच्या आतून आवाज आला.

"आया क्या रे, शौक्याऽऽ?"

मग काहीच नाही. पाचट वाजत होतं. मी बस यायची दिशा सोडून तिकडंच बघत उभी राहिले.

"आयाऽऽ."